स्टॉकसाठी पाठवलेले फोटो पुन्हा पुन्हा नाकारले जात असतील तर

शटरस्टॉक, अ‍ॅडोबी स्टॉक, अलामी, आयस्टॉक या छायाचित्रकारांचे तयार फोटो वापरायला विकणाऱ्या 'स्टॉक' वेबसाइट. यांपैकी कुठेही नियमित फोटो पाठवणाऱ्याच्या वाट्याला नकार येतोच. दहातले दोन-तीन परत आले तर काळजीचं काही नाही. पण बहुतेक फोटो परत येत असतील आणि महिनोन् महिने तेच चालू असेल, तर कुठेतरी एक ठरावीक बिघाड आहे आणि तो शोधून काढता येतो. खाली फुकटात आणि पाच मिनिटांत होणाऱ्या तपासण्या आधी घेतल्या आहेत, खर्चाच्या आणि कटकटीच्या शेवटी. क्रम मोडू नका. लेन्स बदलूनही फोटो परत येतच राहिले आणि मग कळलं की सगळा घोळ एडिटिंगमधल्या एका स्लायडरचा होता, असं फार वेळा होतं.

लक्षणं

- एका बॅचमधले जवळजवळ सगळे फोटो एकाच कारणाने परत येतात, बहुधा 'फोकस' किंवा 'नॉइज' (फोटोत उमटणारे दाणे).
- कारण दर वेळी बदलतं. फोकससाठी परत आलेला फोटो दुरुस्त करून पाठवला की तोच फोटो आता नॉइजसाठी परत येतो.
- मोबाइलच्या पडद्यावर फोटो लखलखीत दिसतो, शेरा मात्र 'तांत्रिक दोष' असा येतो.
- 'ट्रेडमार्क दिसतो' असा शेरा येतो आणि तुम्हाला फोटोत कुठेच नाव किंवा लोगो सापडत नाही.
- दहा फोटो पाठवले, दोन घेतले, बाकीच्यांवर 'सारखे फोटो' असा शिक्का.
- मॉडेल रिलीज (फोटोतल्या माणसाचं लेखी संमतीपत्र) जोडलेला असूनही 'रिलीज अमान्य'.
- फोटो परीक्षकापर्यंत पोचतच नाही, अपलोड होतानाच अडतो.

तपासणीला लागण्याआधी परीक्षक काय बघतो ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. फोटो सुंदर आहे का, हा त्याच्यापुढचा पहिला प्रश्न नसतो. पैसे मोजून हा फोटो घेणाऱ्याला तो अडचणीशिवाय वापरता येईल का, हे त्याला ठरवायचं असतं. घेणारा त्यातला एक कोपरा कापून माहितीपत्रकावर लावेल किंवा पूर्ण फोटो हमरस्त्यावरच्या फलकावर. म्हणून परीक्षक फोटो १०० टक्के झूमवर बघतो आणि कायद्याच्या बाजूने चाळतो. त्याच्यापुढे रांग मोठी असते, काही छाननी तर यंत्रच करतं. बऱ्याचदा ठळकपणे दिसलेली एक-दोन कारणंच नोंदवली जातात. फोटोत पाच दोष असले तरी शेऱ्यात एकच असू शकतो. शेरा हे लक्षण आहे, निदान तुम्हालाच करावं लागतं. कारण का बदलत राहतं, याचं उत्तर इथे आहे: तुम्ही शेऱ्यातलं तेवढंच दुरुस्त करता आणि बाकीचे दोष जागेवरच राहतात.

पहिली तपासणी: फाइल

खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. फोटो जेपेगमध्ये हवा. शटरस्टॉक आणि अ‍ॅडोबी स्टॉक दोघांनाही किमान ४ मेगापिक्सेल लागतात. अ‍ॅडोबीची वरची मर्यादा १०० मेगापिक्सेल आणि ४५ एमबी आहे. अलामी उघडलेल्या फाइलचा आकार मोजते, तो १७ एमबीच्या वर हवा, म्हणजे साधारण ६ मेगापिक्सेल.

क्रॉप करताना हे गणित हमखास विसरतं. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० × ४००० असतो. तळ्याकाठी लांबवर बसलेला खंड्या टिपला आणि तो मोठा दिसावा म्हणून क्रॉप करून २४०० × १६०० वर आणला, की उरतात ३८ लाख ४० हजार पिक्सेल. चारला थोडे कमी पडतात. मग सॉफ्टवेअरने फोटो ओढून मोठा करायचा मोह होतो. तसं करू नका. ओढलेल्या फोटोत पिसांचे तपशील प्लॅस्टिकसारखे दिसतात आणि परीक्षकाला ते लगेच कळतं.

मोबाइलवरून काम करणाऱ्यांनी फोटो संगणकावर कसा नेला ते आठवावं. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास येते. १६०० × १२०० म्हणजे दोन मेगापिक्सेलसुद्धा नाहीत, शिवाय वरून दाबलेले. केबल लावा, ड्राइव्हवर टाका, नाहीतर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

रंगाचा प्रोफाइल, म्हणजे रंग कसे दाखवायचे याची फाइलमधली नोंद, एसआरजीबी ठेवा. कॅमेऱ्यात अ‍ॅडोबी आरजीबी निवडलेला असेल तर एक्सपोर्ट करताना फोटो एसआरजीबीत रूपांतरित करावा लागतो. नुसता प्रोफाइलचा शिक्का बदलला तर रंग बिघडतात. जेपेगची गुणवत्ता सर्वांत वरची. आणि एकदा जेपेग झालेली फाइल उघडून, बदलून, परत सेव्ह करण्याचा खेळ बंद करा. जेपेग चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन करून माहिती दाबतं, दर सेव्हला थोडी माहिती गळते. निळ्या आकाशात फिकट चौकोन किंवा पट्टे दिसू लागले की ओळखा. दर वेळी मूळ रॉ फाइलवरून, म्हणजे कॅमेऱ्याने नोंदवलेल्या, प्रक्रिया न झालेल्या फाइलवरून, नवीन जेपेग काढायचा.

दुसरी तपासणी: १०० टक्के झूम

तांत्रिक नकारांचं मूळ शोधायची हीच जागा. फोटो संगणकाच्या पडद्यावर उघडा, १०० टक्के झूम करा आणि शेतात नांगर फिरवावा तसा डावीकडून उजवीकडे, वरून खाली, तुकड्यातुकड्याने फिरा. मोबाइलचा पडदा इथे उपयोगाचा नाही. पडदा लहान, तीव्रता जास्त, त्यामुळे किंचित हललेला फोटोही त्यावर धारदार भासतो.

एक उदाहरण जवळून बघू. दिवाळीच्या फराळाचं ताट, पुढे चकली, मागे करंज्या, ५० एमएमची लेन्स, एफ/१.८ (हे लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा लहान तितकं छिद्र मोठं). पूर्ण फोटो बघितला तर मागची धूसर पणती, तांबूस उजेड, सगळं छान. आता १०० टक्क्यांवर जा. पुढच्या चकलीच्या कडेचे काटे मऊ, मेणासारखे. धार आहे ती चकलीच्या मधल्या वेढ्यावरच्या चार-पाच काट्यांना, त्यापलीकडे परत सगळं विरघळलेलं. साध्या एपीएस-सी कॅमेऱ्यावर (ज्यात चित्र टिपणारा सेन्सर मध्यम आकाराचा असतो), ताट ६० सेंमी लांब असताना, एफ/१.८ ला फोकसमध्ये राहणारी जागा जेमतेम १ सेंमी खोल असते. एफ/८ ला ती चार सेंमीच्या थोडी वर जाते, अख्खी चकली मावते. परीक्षक 'फोकस' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ बरेचदा इतकाच असतो: विकायची वस्तू धारदार नाही. पार्श्वभूमी धूसर असण्याला त्याची हरकत नसते. माणसाचा फोटो असेल तर कॅमेऱ्याकडचा डोळा धारदार हवा, पापण्या सुट्या दिसायला हव्यात. कानाला धार आणि डोळा मऊ असेल तर तो फोटो पाठवू नका.

झूमवर फिरताना आणखी चार गोष्टी शोधा.

धूसरपणाचा प्रकार. वस्तूच्या कडेला एकाच दिशेने दुहेरी रेघ दिसत असेल तर कॅमेरा हलला आहे. सगळीकडे सारखा मऊपणा असेल तर फोकस चुकला आहे, किंवा लेन्सवर बोटाचा ठसा आहे. फोटोचा एखादाच कोपरा मऊ असेल तर लेन्सचा संशय, तो शेवटच्या तपासणीत.

नॉइज. सावल्यांमध्ये बघा, उजेडात तो लपतो. रंगीत ठिपके, म्हणजे काळ्या भागात लाल-हिरवे दाणे, हे नुसत्या करड्या दाण्यांपेक्षा जास्त नडतात.

जांभळी-हिरवी किनार. नारळाच्या झावळ्या आणि मागे पांढरं आकाश, मंदिराचा कळस आणि दुपारचं ऊन, अशा ठिकाणी कडेला जांभळी रेघ उमटते. लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये 'रिमूव्ह क्रोमॅटिक अ‍ॅबरेशन' या चौकोनात खूण केली की बरीचशी जाते, उरलेली डीफ्रिंजने काढा.

डाग. सपाट आकाशात करडे, कडा विरलेले गोल ठिपके. ही सेन्सरवरची धूळ. लाइटरूमच्या हीलिंग साधनातलं 'व्हिज्युअलाइझ स्पॉट्स' चालू केलं की चित्र काळं-पांढरं होतं आणि एरवी न दिसणारे वीस ठिपके समोर येतात. पाठवायच्या प्रत्येक आकाशवाल्या फोटोवर हे करावं.

तिसरी तपासणी: एडिटिंगचा अतिरेक

फोटो झूमवर खराब दिसतोय, पण मूळ रॉ फाइल बरी आहे? मग बिघाड तुमच्या हाताने झालेला आहे, आणि ही आनंदाची गोष्ट आहे कारण तो फुकटात दुरुस्त होतो. सगळी सेटिंग्ज शून्यावर आणा आणि एकेक करून परत लावा.

नेहमीचे गुन्हेगार ठरलेले आहेत. शार्पनिंग जास्त झालं की डोंगराच्या कडेला आकाशात पांढरी रेघ उमटते. क्लॅरिटी आणि डीहेझ हे स्लायडर ओढले की ढगांना घाणेरडी काळी किनार येते. नॉइज काढणारा स्लायडर जास्त गेला की माणसाची त्वचा मेणाच्या पुतळ्यासारखी आणि गवत हिरव्या चिखलासारखं दिसतं. मऊ फोटोला धार आणण्यासाठी शार्पनिंग, त्याने वाढलेले दाणे मारण्यासाठी नॉइज रिडक्शन, त्याने आलेला मऊपणा घालवायला पुन्हा शार्पनिंग, या चक्रात सापडलेला फोटो सोडून द्यावा. शेरा दर वेळी बदलत राहतो तो या चक्रामुळेच.

गडद सावली दोन स्टॉपपेक्षा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) जास्त उचलावी लागत असेल तर दोष एडिटिंगचा नाही, फोटो काढतानाच उजेड कमी पडला. मोबाइलचे फोटो तर फोनमधूनच शार्पनिंग होऊन बाहेर पडतात. त्यावर आणखी काही लावू नका. डिजिटल झूम करून काढलेला मोबाइल फोटो स्टॉकला पाठवायचाच नाही.

एआयबद्दल एक स्पष्ट गोष्ट. शटरस्टॉक कंट्रिब्यूटरांकडून, म्हणजे फोटो पाठवणाऱ्यांकडून, एआयने तयार केलेलं चित्र घेत नाही. अ‍ॅडोबी स्टॉक घेतं, पण तसं जाहीर करावं लागतं. फोटोत नसलेलं आकाश किंवा माणूस एआयने भरून तो साधा फोटो म्हणून पाठवणं ही खातं गमावण्याची वाट आहे.

चौथी तपासणी: शीर्षक, कीवर्ड आणि सारखेपणा

शीर्षकात काय दिसतं ते साध्या इंग्रजी वाक्यात लिहायचं. 'सुंदर निसर्ग' या अर्थाचे दोन शब्द पुरत नाहीत. 'कास पठारावर पावसाळ्यात फुललेली जांभळी कारवी' या अर्थाचं शीर्षक चालतं. शटरस्टॉकला ७ ते ५० कीवर्ड (फोटो शोधताना वापरायचे शब्द) लागतात. अ‍ॅडोबीत ४९ पर्यंत चालतात आणि तिथे क्रमाला वजन आहे, पहिले दहा सर्वांत महत्त्वाचे. फोटोत नसलेले शब्द भरले की नकार येतो. झाडाफुलाचं शास्त्रीय नाव द्यायचं तर खात्री करूनच द्या. कारवीच्या फोटोला दुसऱ्याच जांभळ्या फुलाचं नाव लागलं तर तो पाठ्यपुस्तकवाल्याच्या काहीच कामाचा नाही.

सारखेपणाचा उपाय सोपा आणि मनाला जड जाणारा. एका विषयाचे चाळीस फोटो काढले असतील तर तीन-चारच पाठवा: एक आडवा, एक उभा, एक जवळून, एक शीर्षकासाठी मोकळी जागा सोडलेला. अर्धं पाऊल सरकून काढलेला पुढचा फोटो परीक्षकासाठी तोच फोटो असतो. अलामीवर निवड आणखी काटेकोर हवी, कारण तिथे बॅचमधल्या एका फोटोत तांत्रिक दोष सापडला तर अख्खी बॅच परत येऊ शकते. खात्री नसलेला फोटो चांगल्या नऊ फोटोंच्या सोबत पाठवू नये.

पाचवी तपासणी: लपलेले ट्रेडमार्क आणि दुसऱ्याची कला

नाव पुसलं म्हणजे झालं, असा गैरसमज इथे असतो. आपल्याच स्वयंपाकघराचा फोटो घ्या. कुकरच्या दांड्यावर कंपनीचं नाव, गॅसच्या काचेवर लोगो, मिक्सरवर स्टिकर, मागे फळीवर मसाल्याची पाकिटं, खिडकीशेजारी दिनदर्शिका. डोळ्याला रोजची सवय असल्याने यातलं काहीच टोचत नाही. दिनदर्शिकेवरचं चित्र कुणीतरी काढलेलं असतं आणि त्याचा कॉपीराइट त्या चित्रकाराचा किंवा प्रकाशकाचा. देवाच्या तसबिरीचंही तसंच. राजा रविवर्मा १९०६ साली वारले आणि भारतात चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, त्यामुळे त्यांची मूळ चित्रं आता मुक्त आहेत. पण अलीकडच्या चित्रकाराची लक्ष्मी मुक्त नाही आणि झूमवर बघणाऱ्या परीक्षकाला हा फरक कळेलच असं नाही. तसबीर काढून ठेवणं सर्वांत सोपं. वारलीबद्दलही अशीच चूक होते. शैली परंपरेची आहे, पण भिंतीवरचं ते विशिष्ट चित्र एखाद्या हयात कलाकाराचं असतं. त्याची लेखी परवानगी लागते.

कपड्यांवर बघा: जीन्सची रिव्हेट, बुटावरच्या रेघा, घड्याळाची तबकडी, बॅटवरचे स्टिकर. गाड्यांवर कंपनीचं चिन्ह आणि नंबर प्लेट. गोंदण हीसुद्धा कुणाचीतरी कला असते, ठळक दिसत असेल तर कलाकाराचं रिलीज मागितलं जाऊ शकतं. मोबाइल आणि ट्रॅक्टर नाव पुसूनही आकारावरून आणि रंगावरून ओळखू येतात, तेवढ्यावरही नकार येतो.

इमारतींचं प्रकरण वेगळं समजून घ्यावं लागतं. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ इमारतीचा फोटो काढायला आणि छापायला मोकळीक देतं. सार्वजनिक ठिकाणी कायम उभ्या असलेल्या शिल्पांनाही तशीच. मग परीक्षक का अडवतो? कारण दोन. फोटो घेणारा दुसऱ्या देशातला असू शकतो आणि कंपनीला सगळीकडच्या कायद्यात टिकेल असा माल हवा असतो. दुसरं, कॉपीराइट सुटला तरी ट्रेडमार्क उरतो. मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलच्या इमारतीला २०१७ साली ट्रेडमार्क मिळाला, भारतात इमारतीला मिळालेला तो पहिला. त्यामुळे गेटवे ऑफ इंडिया आणि ताज एकाच चौकटीत घेतलेला, मुंबईतल्या जवळजवळ प्रत्येक छायाचित्रकाराकडे असलेला तो फोटो जाहिरातीच्या वापरासाठी अडू शकतो. गेटवे एकटा घ्या, किंवा एडिटोरियलमध्ये (जाहिरातीसाठी नाही, फक्त बातमी-लेखांसाठी वापरायच्या फोटोंमध्ये) पाठवा. परदेशी जाणाऱ्यांसाठी: आयफेल टॉवर दिवसा चालतो, रात्रीची रोषणाई मात्र १९८५ सालची वेगळी कलाकृती धरली जाते आणि तो फोटो परत येतो.

सहावी तपासणी: माणसं, रिलीज आणि एडिटोरियल

ओळखू येणारा माणूस म्हणजे मॉडेल रिलीज, एवढं सगळ्यांना माहीत असतं. चेहरा नसला तरी माणूस ओळखू येतो हे विसरलं जातं: पाठमोरा पण ठरावीक पेहराव, हातावरचं गोंदण, सोबतचा ओळखीचा परिसर. शंका असेल तर विचारा, तो माणूस स्वतः हा फोटो बघून 'हा मी' म्हणेल का? हो असेल तर रिलीज हवा.

रिलीज जोडूनही अमान्य होत असेल तर कागदच परत वाचा. बहुतेक वेळा कारण किरकोळ सापडतं. छायाचित्रकाराचं नाव खात्यावरच्या नावाशी जुळत नाही. फोटो काढल्याची तारीख आणि कॅमेऱ्याने फाइलमध्ये नोंदवलेली तारीख वेगळी. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलेलं असेल तर हे प्रत्येक फोटोला होणार. साक्षीदाराची सही नाही, किंवा मॉडेलनेच साक्षीदार म्हणून सही केली. १८ वर्षांखालच्या मुलासाठी आई, वडील किंवा पालकाची सही नाही. मोबाइलने काढलेल्या कागदाच्या फोटोत खालची ओळ कापली गेली. घरातली माणसं असली तरी रिलीज लागतो. आजीचा पुरणपोळी लाटतानाचा फोटो असेल तर आजीची सही हवी.

वारी, गणपती विसर्जन, आठवडी बाजार, शिमगा इथे हजारो लोकांचे रिलीज मिळणं शक्य नाही. असे फोटो एडिटोरियल म्हणून पाठवायचे. शटरस्टॉकची मथळ्याची पद्धत ठरलेली आहे: शहर, देश किंवा राज्य, मग तारीख, मग वर्णन. उदाहरणार्थ 'पंढरपूर, भारत – १७ जुलै २०२४: आषाढी एकादशीला चंद्रभागेच्या वाळवंटात जमलेले वारकरी' हा ढाचा इंग्रजीत. तारखेत दिवस राहिला की परत. एडिटोरियल फोटोत काहीही पुसायचं किंवा हलवायचं नाही, कोपऱ्यातला प्लॅस्टिकचा पेला नडत असला तरी. उजेड आणि रंग सुधारायला हरकत नाही. अ‍ॅडोबी स्टॉकचं एडिटोरियल मात्र वेगळं आहे, त्यात ओळखू येणारी माणसं चालत नाहीत. वारीचे फोटो तिथे पाठवून वेळ घालवू नका.

सातवी तपासणी: फोटो काढतानाच्या सवयी

इथपर्यंत सगळं तपासून झालं आणि रॉ फाइलच खराब निघते आहे, तर सवय बदलावी लागेल. यालाही पैसे लागत नाहीत, मेहनत लागते.

हातात कॅमेरा धरून काढताना शटरचा वेग '१ भागिले फोकल लेंग्थ' सेकंदापेक्षा कमी नको, म्हणजे ५० एमएम लेन्सला १/५०. एपीएस-सी कॅमेऱ्यावर २०० एमएम लेन्स असेल तर दीडपटीने १/३०० च्या वर. नाचणाऱ्या झांजपथकाला १/५०० तरी हवा. लँडस्केपला सगळं धारदार यावं म्हणून एफ/२२ लावणं उलटं पडतं. छिद्र फार लहान झालं की प्रकाश पसरतो आणि सगळा फोटोच मऊ होतो. बहुतेक लेन्स एफ/५.६ ते एफ/८ ला सर्वांत धारदार असतात. कॅमेरा ट्रायपॉडवर असेल तर जुन्या लेन्सचं स्थिरीकरण बंद करा, नाहीतर तेच फोटो हलवतं. लेन्सवर स्वस्तातला यूव्ही फिल्टर असेल तर काढून एक फोटो घेऊन बघा. बऱ्याच वेळा दोष तिथेच निघतो.

उजेडाबद्दलच्या नकारांचं आपल्याकडचं ठरलेलं ठिकाण म्हणजे भर दुपारी पांढरे कपडे. वारकऱ्याच्या टोपीवर १०० टक्क्यांवर जा. कापडाची वीण, शिवण, सुरकुती काहीच दिसत नाही, नुसता कोरा पांढरा ठिपका, तिन्ही रंगांची किंमत २५५. त्या जागेत माहितीच नोंदली गेली नाही, मग एडिटिंगमध्ये आणणार कुठून? कॅमेऱ्यात हायलाइटचा इशारा चालू ठेवा, एक्सपोजर ०.७ स्टॉपने कमी करा आणि रॉमध्ये काढा. चेहऱ्यावरची सावली नंतर थोडी उचलता येते, जळलेली टोपी नाही. घरात मात्र खिडकीचा निळसर उजेड आणि बल्बचा पिवळा एकत्र करू नका. त्यातला एक बंद करा.

आठवी तपासणी: सेन्सर आणि लेन्स

आता खर्चाची बाजू. आधी चाचण्या, त्या फुकट आहेत.

सेन्सरसाठी: एफ/१६ लावा, फोकस मुद्दाम बिघडवा, पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो घ्या. ठिपके दिसले तर धूळ आहे. फोटोत वर दिसणारा ठिपका सेन्सरवर खालच्या बाजूला असतो, हे साफ करताना ध्यानात ठेवा. बॅटरी पूर्ण चार्ज करा, कॅमेऱ्याचं सेन्सर क्लीनिंग चालू करा, कॅमेरा तोंड खाली करून धरा आणि रबरी ब्लोअरने आठ-दहा झोत मारा. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे थेंब जातात. दाबलेल्या हवेचा डबाही नको, त्यातलं द्रव्य सेन्सरवर उडतं. पुन्हा चाचणी फोटो घ्या. ब्लोअरने न हटणारे डाग ओले असतात. त्यासाठी स्वॉब (सफाईच्या काड्या) मिळतात, एपीएस-सीला १६ एमएमचे, फुल फ्रेमला, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला, २४ एमएमचे. पूर्वी कधी केलं नसेल तर इथेच थांबा आणि सर्व्हिस सेंटरला द्या. ओरखडा पडला तर सफाईच्या खर्चाच्या कितीतरी पट भुर्दंड बसतो.

लेन्ससाठी: विटांची भिंत किंवा भिंतीला चिकटवलेलं वर्तमानपत्र, कॅमेरा ट्रायपॉडवर, भिंतीला अगदी समांतर, एफ/४ आणि एफ/८ ला फोटो. चारही कोपरे १०० टक्क्यांवर ताडून बघा. चारही सारखे मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव, एफ/८ ला सुधारतो. एकच कोपरा सगळ्या फोटोंत मऊ असेल तर आतली काच सरकलेली आहे. डीएसएलआर असेल तर एक फोटो व्ह्यूफाइंडरमधून आणि एक लाइव्ह व्ह्यूमधून, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून, घ्या. लाइव्ह व्ह्यूचा धारदार आणि व्ह्यूफाइंडरचा कायम मऊ, तर फोकसची जुळणी ढळली आहे. काही कॅमेऱ्यांत ती मेनूतून सुधारता येते.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर बुरशीही बघा. मागून टॉर्च मारून लेन्समधून तिरपं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. अशा लेन्सने काढलेल्या फोटोंवर धुकट पडदा येतो, प्रकाशासमोर जास्तच. लेन्स ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या ड्राय कॅबिनेटमध्ये ठेवा. तेवढा खर्च नको असेल तर हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत स्वस्तातला आर्द्रतामापक. बुरशी आलेली लेन्स बाकीच्यांपासून वेगळी ठेवा.

कुठे थांबायचं

लेन्स स्वतः उघडू नका, कोणत्याही कारणासाठी. काच सरकलेली, बुरशी, फोकसची न सुधारणारी जुळणी, सेन्सरवरचे ओले डाग, ही चारही कामं अधिकृत सर्व्हिस सेंटरची.

एकच फोटो तीनदा परत आला असेल तर तो तिथे पाठवणं थांबवा. न सुधारता तेच तेच पाठवत राहिल्याने खात्यावर मर्यादा येऊ शकते. कायद्याच्या नकाराबद्दल कंपनीच्या सहायता विभागाला लिहून विचारता येतं, दोन ओळींत, फोटोचा क्रमांक देऊन.

तुमच्या फोटोवर कुणी ट्रेडमार्क किंवा कॉपीराइटचा दावा करणारी नोटीस पाठवली, मॉडेलने रिलीजवरची सही नाकारली, किंवा विकलेल्या फोटोतल्या माणसाने तक्रार केली, तर स्वतः उत्तर लिहू नका. फोटो विक्रीतून काढा, मूळ रॉ फाइल आणि रिलीजचा कागद जपून ठेवा आणि बौद्धिक संपदेची कामं करणाऱ्या वकिलाकडे जा.

सर्व्हिस सेंटरला जाताना नुसतं 'फोकस बिघडलाय' असं सांगून कॅमेरा देऊ नका. ज्या लेन्सवर दोष दिसतो ती आणि बॉडी दोन्ही न्या. पेनड्राइव्हमध्ये भिंतीचे आणि लाइव्ह व्ह्यूचे चाचणी फोटो मूळ फाइलसह ठेवा, कोणता कोपरा मऊ येतो ते पावतीवर लिहून घ्या. कॅमेरा परत घेताना तिथेच एफ/१६ चा भिंतीचा फोटो आणि चार कोपऱ्यांचा फोटो काढून १०० टक्क्यांवर बघा, आणि मगच सही करा.